आई एकटी, मावशी २४ तास, पासबुकात भलत्याच एंट्र्या: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे स्वतः बेंगळुरूला, बहीण अमेरिकेत, वडील गेल्या वर्षी गेले. आई ७९ वर्षांची, कोथरूडला राहते, सोबत ब्युरोकडून आलेली, सांभाळायला ठेवलेली २४ तासांची मावशी. एटीएम कार्ड मावशीकडेच असतं, पिनही तिला माहितीये, आणि पासबुक भरून आणलं तर दर महिन्याला दहा-दहा हजारांच्या दोन-तीन एंट्र्या ज्या आईला आठवत नाहीत. त्यात मध्ये गॅस बिलाच्या नावाखाली फोन आला, बारा हजार गेले, आणि हे आईने तीन आठवडे कुणाला सांगितलंच नाही. आता गणपतीला चार दिवस पुण्यात येतायत, तर मावशीला काढू का आणि आईचं खातं मीच चालवायला घेऊ का, असं विचारलंय.

मी बँकेतून रिटायर झाले, जास्त वर्षं पुण्यातल्याच शाखांमध्ये गेली जिथे काउंटरवर निम्मी गर्दी पेन्शनरांची असते, आणि आता एका ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे फॉर्म, तक्रारी, बँकांची पत्रं हे सगळं बघते. तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. मावशीला आल्या आल्या काढू नका, आणि खातं तर स्वतःच्या हातात घेऊच नका. पैसे आईचे आहेत, ती शुद्धीत आहे, सही करतेय, तर अधिकार तिचाच राहिला पाहिजे. फक्त व्यवस्था अशी करायची की तिची मोठी रक्कम कुणालाच, म्हणजे मावशीला, फोनवरच्या भामट्याला आणि तुम्हालासुद्धा, एका दिवसात आणि गुपचूप हलवता येणार नाही. बँकेच्या लॉकरला कशा दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची, तसं. घाई आणि गुपचूपपणा या दोन गोष्टी काढून घेतल्या ना की ही सगळी फसवणूक लंगडी पडते, मग ती घरातल्या माणसाने केलेली असो की बाहेरच्याने.

आधी त्या दहा हजारांच्या एंट्र्या. पासबुक घेऊन आईशेजारी बसा, मावशी भाजीला गेलेली असताना, आणि प्रश्न विचारताना आवाज चौकशीचा नको. एंट्री कुठल्या तारखेची ते बघा. पेन्शन जमा झाल्यावर दोन दिवसांत दहा हजार, मग पुन्हा दहा हजार, आणि एटीएम घराजवळचं नाही तर भलत्याच भागातलं, असं दर महिन्याला दिसत असेल तर ते काळजीचं आहे. औषधांची बिलं त्या महिन्याची किती, किराणा किती, ते जुळवून बघा. पण एक गोष्ट मी फार वेळा पाहिलीये म्हणून सांगते, बऱ्याचदा ही उचल असते. मावशीच्या मुलीची फी, गावाकडे कुणाचं आजारपण, ती रडते, आईला दया येते, आई म्हणते जा घेऊन ये कार्डावरून, पगारातून वळते करू, आणि मग ते वळते करायचं दोघीही विसरतात. ही चोरी नाही. आईला द्यायचे असतील तर तो तिचा हक्क आहे, आणि तुम्ही एकदम चोर म्हणून मोकळे झालात तर रात्री दोन वाजता तिला बाथरूमला नेणारं माणूस तुम्ही घालवून बसाल आणि आई पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगणार नाही ते वेगळंच. या बायका बहुतेक प्रामाणिक असतात, ब्युरो कमिशन कापून हातात देतं ते फार नसतं, आणि हिशोबच ठेवलेला नसला की खरं काम करणारी बाईसुद्धा संशयात सापडते. म्हणून हिशोब तिच्याही भल्याचा आहे, असं तिलाही तोंडावर सांगा.

आणि खरोखर चोरी असेल तर? मग गप्प बसायचं नाही. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेत कलम ३०६ स्वतंत्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पुरावा आधी. बँकेला तारीख आणि वेळ लिहून अर्ज द्या की या या व्यवहारांचं एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. बँका फुटेज कायमचं ठेवत नाहीत, त्यामुळे हा अर्ज पुण्यात यायची वाट न बघता आईच्या सहीने आत्ताच जाऊ दे. बँकेकडून पैसे परत मिळतील अशी आशा मात्र धरू नका, पिन आपण स्वतः सांगितलेला असला की बँक हात वर करते आणि नियमही तिच्या बाजूने आहे.

कार्डाचं काय करायचं? जुनं कार्ड ब्लॉक, नवीन कार्ड, नवीन पिन, आणि पिन फक्त आईला. तिच्या लक्षात राहत नसेल तर कार्डच नको, खरंच नको. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरी रोख पोचवणं, चेक घेऊन जाणं अशा सोयी द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, डोअरस्टेप बँकिंग म्हणतात त्याला, शाखेत जाऊन नाव नोंदवावं लागतं आणि थोडा चार्ज पडतो. मावशीचा पगार रोखीने आईच्या हातून देणं बंद करा, तुमच्या खात्यातून थेट तिच्या खात्यात, ब्युरोचं कमिशन वेगळं. किराणा आणि औषधं ओळखीच्या दुकानात महिन्याच्या खात्यावर, बिलाचा फोटो तुम्हाला, पैसे तुम्ही ऑनलाइन भरा. मग घरात रोख लागते ती भाजी, दूध, रिक्षा, देवाची फुलं, एवढ्यालाच. एक साधी वही ठेवा, मावशी लिहील, आई सही करेल. उचल द्यायची तर त्याच वहीत लिहून, किती आणि कधी वळती होणार.

आता खात्यांची मांडणी, यावर मी जरा जास्त बोलते कारण खरा बचाव इथेच आहे.

आईचं पेन्शनचं खातं असेल ते खर्चाचं खातं म्हणून राहू दे, पण त्यात शिल्लक ठेवायची दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकीच. एटीएमची रोजची मर्यादा खाली आणा, ऑनलाइन खरेदी आणि परदेशी व्यवहार बंद करा, ते चालू-बंद करायची सोय ॲपमध्येच असते. यूपीआय वापरत असेल तर त्याचीही मर्यादा कमी करा. बाकी सगळा पैसा, एफडी वगैरे, शक्यतो दुसऱ्या बँकेत, जिथे कार्ड नाही, यूपीआय नाही, आणि नेटबँकिंग असलंच तर फक्त बघण्यापुरतं. कारण हल्ली ॲपवरून एफडी मोडायला काही सेकंद लागतात, आणि भामट्याला फोनचा ताबा मिळाला की तो सेव्हिंगमधल्या पंधरा हजारांवर थांबत नाही, आधी एफडी मोडतो, पैसे सेव्हिंगला आणतो आणि मग उचलतो. पावतीवाली, शाखेत जाऊनच मोडता येणारी एफडी हीच वयस्कर माणसाला बरी. सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज तिमाहीला खात्यात येतं, मुदतीआधी बंद करायला फॉर्म भरावा लागतो आणि थोडी कपात होते, आणि नेमका तो वेळखाऊपणाच आपल्याला हवाय.

जॉइंट खातं करताना फॉर्मवर मोडचा चौकोन असतो तिकडे कुणी बघतच नाही, अधिकारी विचारतो, लोक म्हणतात ते नेहमीचं टाका. नेहमीचं म्हणजे आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा सगळं काढू शकतो. आईच्या सेव्हिंगला फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर घ्या, आईचं नाव पहिलं, तुमचं दुसरं, तिच्या हयातीत व्यवहार तीच करेल आणि तिच्यानंतर तुम्हाला कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागणार नाहीत. मोठ्या एफडी दोघांच्या सहीने. मात्र हॉस्पिटलची वेळ आली तर तुम्ही बेंगळुरूहून यायची वाट बघता येणार नाही, म्हणून एक एफडी, तुमच्या अंदाजाने दोन-तीन लाखांची, फक्त आईच्या नावावर मोकळी ठेवा. एसएमएस आईच्या फोनवर येऊ द्या आणि ईमेल अलर्ट तुमच्याकडे, आणि महिन्याचं स्टेटमेंट बहिणीलाही जाऊ दे. हे मी मुद्दाम सांगतेय. आईचे पैसे कुणी खाल्ले यावरून भावंडांची तोंडं आयुष्यभर बंद झालेली मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या अर्ध्या वेळा कुणी खाल्लेलेच नव्हते, फक्त कुणाला काही दाखवलेलं नव्हतं.

कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची सवय बऱ्याच आज्यांना असते, वेळेला असू दे म्हणून. कपाटात, गादीखाली, देव्हाऱ्यामागे बघा, सापडले तर आईसमोर फाडा. सही हलायला लागली असेल तर बँकेला तसं कळवून नवीन नमुना सही द्या. आणि कधी अंगठा लावायची वेळ आलीच तर बँकेच्या माहितीतले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. आजारी माणसाचा अंगठा घरी घेऊन कागद शाखेत आणून द्यायचा आणि पैसे न्यायचे असं चालत नाही, कुणी तसं म्हणत असेल तर शाखाधिकाऱ्यांना लगेच फोन करा.

आता फोनवाले. गॅस बिलाचं पुण्यात फार झालंय, कारण एमएनजीएलचा पाइप गॅस बऱ्याच सोसायट्यांत आहे. मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार, असा मेसेज येतो, मग गोड बोलणारा माणूस, मग व्हॉट्सॲपवर एक फाइल. ती एपीके फाइल असते, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, ती उघडून परवानग्या दिल्या की फोनवर येणारे ओटीपी समोरच्याला दिसतात. वीजबिलाच्या नावाने हेच चालतं, आणि नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याच्या नावाने. तुमच्या आईचं वागणं तुम्हाला विचित्र वाटलं असेल, तीन आठवडे का सांगितलं नाही म्हणून. तिला भीती बारा हजारांची नव्हती, तुमची होती. आता मुलगा म्हणेल तुला जमत नाही, फोन काढून घेईल, इथलं आवरून बेंगळुरूला नेईल. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक आजी-आजोबांचं पहिलं वाक्य हेच असतं, मुलाला सांगू नका. म्हणून जाल तेव्हा पहिलं हे बोला की पैसे गेले तर गेले, सांगितलंस हे बरं केलंस, आणि मनापासून बोला, कारण पुढच्या वेळी ती पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला फोन करते की तीन आठवड्यांनी, यावर सगळं ठरणार आहे.

ते डिजिटल अरेस्ट प्रकरण, म्हणजे फोनवर पोलीस बनून अटकेची भीती घालायची आणि पैसे काढायचे, ते तर याहून क्रूर आहे. रिटायर व्हायच्या शेवटच्या काळातलं सांगते. एक आजोबा एफडी मोडायला आले, नीट इस्त्रीचा शर्ट, खिशातला फोन वर डोकावतोय, स्क्रीन चालू. का मोडताय विचारलं तर पाठ केल्यासारखं उत्तर, मुलीला फ्लॅट घ्यायचाय. घाम आलेला, पाणी दिलं तर घेईनात. मी स्लिपच्या मागे लिहिलं, फोनवर कुणी पोलीस म्हणवणारा आहे का, फक्त मान हलवा, आणि स्लिप पुढे सरकवली. त्यांनी मान हलवली आणि डोळे भरून आले त्यांचे. त्यांना सकाळपासून सांगितलेलं होतं की तुमच्या आधारवर गुन्हा आहे, घरात कुणाला सांगाल तर तेही आत जातील, सगळे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात टाका. असं कुठलंही सरकारी खातं नसतं, आणि डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं, आणि हे प्रकार इतके वाढले की डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. आईला कायदे नका शिकवू, एकच वाक्य पाठ करून घ्या: माझा मुलगा सगळं बघतो, त्याला विचारून सांगते. आणि फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटतो म्हणून आपल्या पिढीला फोन आपटता येत नाही, ते त्यांना पक्कं माहिती असतं, म्हणून मुद्दाम चार वेळा सराव करून घ्या, तुम्ही स्वतः पोलीस बनून फोन करा.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन, किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त, एकदा ती चार खात्यांतून फिरून रोखीत निघाली की संपलं. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. सोबत बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा की चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, आणि ओटीपी तुम्ही दिला असेल तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या डोक्यावर. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर विचारा, फी नाही. गोठलेली रक्कम परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागू शकतो, चिकाटी ठेवा.

घराबद्दल दोन शब्द, कारण कोथरूडला आत्ता जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चाललंय. तुमची सोसायटी त्यात गेली तर भाडं, शिफ्टिंग, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) असे मोठे चेक आईच्या खात्यात येतील आणि ही बातमी बिल्डिंगमध्ये, कामवाल्यांमध्ये, एजंटांमध्ये सगळीकडे असते. चेक यायच्या आधीच ते कुठे जाणार ठरवून ठेवा. कुलमुखत्यारपत्र कुणी करून मागितलं, अगदी सख्ख्या पुतण्याने, तरी सर्वाधिकाराचं देऊ नका, ज्या कामापुरतं लागेल तेवढंच आणि मुदत लिहून. दिलेलं असेल तर रद्द करता येतं, रद्द करून बँकेला, सोसायटीला, जिथे जिथे वापरलं तिथे लेखी कळवायचं. बक्षीसपत्राचं तर फार जपा. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे आत्ताच नावावर करून टाका, स्वस्तात होतं, असं कुणीतरी हमखास सांगतं. बक्षीसपत्र नोंदलं की घर गेलं, त्याच दिवशी. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे, अट मोडली तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. त्याच न्यायाधिकरणात महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगीही मागता येते. हे मी तुमच्यासाठी नाही लिहीत, पण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी आई-वडिलांचं घर असंच गेलेलं असेल.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात मला टोचली, आईला एंट्र्या आठवत नाहीत ही. विसरणं आणि लपवणं दिसायला सारखंच दिसतं. तेच बिल दोनदा भरणं, सुट्टे पैसे मोजताना गोंधळणं, आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेल्या बाईची वही अचानक कोरी राहणं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात बरेचदा आधी पैशांत दिसते. डॉक्टरांकडे तपासून घ्या. तसं काही निघालं तर मृत्युपत्र, नॉमिनी, जॉइंट नावं ही कामं ताबडतोब करावी लागतील, डॉक्टरांच्या दाखल्यासह, कारण माणसाची समज गेली की आधी दिलेलं साधं मुखत्यारपत्रही टिकत नाही.

मावशीचं पोलीस व्हेरिफिकेशन ब्युरोने केलंय का ते कागद मागून बघा, नसेल तर करून घ्या. त्याने गुन्ह्याची नोंद नाही एवढंच कळतं, स्वभाव कळत नाही, पण आपण बघतोय हे समोरच्याला कळतं. आईला कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकतात. आणि तिला जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात घाला हो. चार जणींत बसणाऱ्या बाईला गॅसचा फोन आला की ती दुसऱ्या दिवशी तिथे बोलते आणि तिथली कुणीतरी सांगते, अगं मलापण आला होता.

गणपतीला येताय, पण चतुर्थीला बँका बंद असतात, तेव्हा दोन दिवस आधी या किंवा नंतर राहा. आईचा मूळ पॅन, आधार, सगळ्या एफडीच्या पावत्या आणि तुमचे केवायसीचे कागद घेऊन दोघं मिळून जा, आणि तुमच्या बारा हजारांची तक्रार तीन आठवडे उलटले असले तरी आजच नोंदवा. त्या फोनवरचे मेसेज, नंबर, ती फाइल, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ते झाल्यावरच फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि तोपर्यंत त्या फोनवर बँकेचं काही उघडू नका.